शेजाऱ्यांनी १५ किलो पेअर दिली आहेत. घरी वाईन कशी करू?

न्यू जर्सीतल्या शेजाऱ्यांच्या झाडाची १५ किलो बार्टलेट पेअर, रस काढायला प्रेस नाही, आणि द्राक्षाच्या वाईनची कृती जशीच्या तशी चालेल का, हा तुमचा प्रश्न. तशी चालणार नाही. पेअरमध्ये आंबटपणा कमी, तुरटपणा नावालाच आणि पेक्टिन (वाईन गढूळ करणारा फळातला चिकट घटक) भरपूर. या तिघांची सोय सुरुवातीलाच करावी लागते, नाहीतर वाईन सपक होते आणि महिनोन्महिने निवळत नाही.

आधी फळ पिकवा. पेअर झाडावरच पिकू दिलं तर आतून आधी पिकतं. बाहेरून छान दिसतं आणि कापलं की गाभा तपकिरी, पिचलेला. म्हणून कडक असतानाच उतरवून आंब्यासारखी अढी घालायची. देठाजवळ अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबलं की झालं. सगळी एकदम पिकत नाहीत, तेव्हा पिकतील तशी देठ, गाभा आणि बिया काढून फोडी फ्रीझरमध्ये टाकत जा. साल राहू द्या. गोठताना पेशी फुटतात, त्यामुळे वितळल्यावर फोडी आपोआप रस सोडतात आणि प्रेसची गरज उरत नाही. शिजवू मात्र नका. पेक्टिन सुटून गढूळपणा कायमचा बसतो.

फोडी साधारण १३ किलो भरतील. जाळीच्या मोठ्या पिशवीत बांधून २५-३० लिटरच्या फूडग्रेड बादलीत ठेवा. ३ लिटर कोमट पाण्यात १ किलो साखर विरघळवून, थंड करून ओता. ४ कॅम्पडेन गोळ्या (वाईनसाठीच्या सल्फाइटच्या गोळ्या) कुटून घाला. फोडी काळ्या पडत नाहीत आणि रानटी यीस्ट दबतं. बारा तासांनी पेक्टिन तोडणारं पेक्टिक एन्झाइम, दोन चहाचे चमचे. एन्झाइम आणि गोळ्या एकाच वेळी टाकू नका.

आणखी बारा तासांनी गाळलेल्या रसाची घनता हायड्रोमीटरने (रसात तरंगणारी मोजनळी; साखर जास्त तितका आकडा मोठा) मोजा. १.०८५ हवं, म्हणजे अल्कोहोल ११ टक्क्यांच्या आसपास येईल. इथे एकूण द्रव १४ लिटरच्या जवळपास असतो, तेवढ्यात ०.०१० वाढवायला सुमारे ३७० ग्रॅम साखर लागते. टार्टारिक आम्ल लिटरला २ ग्रॅम, म्हणजे २८ ग्रॅम घाला आणि पीएच पाहा. ३.६ च्या वर असेल तर आम्ल थोडं थोडं वाढवा. तुरटपणासाठी कडक काळ्या चहाचा एक मोठा कप पुरतो.

आता यीस्ट. ईसी-१११८ जातीचं वाईन यीस्ट घ्या. ७१बी ही दुसरी जात फळांच्या वाईनसाठी चांगली म्हणतात, पण ती फळातलं मॅलिक आम्ल खाते, आणि पेअरकडे आम्ल मुळातच कमी. ५ ग्रॅमची एक पुडी पुरते. न्यूट्रिएंट (यीस्टचं खाद्य) अर्धं आता, अर्धं तिसऱ्या दिवशी. विसरलात तर यीस्ट उपाशी राहून सडक्या अंड्याचा वास सोडतं. बादलीवर फडकं बांधून १८-२० अंशांत ठेवा आणि रोज दोनदा पिशवी खाली दाबा. वर तरंगत राहिलेला चोथा सुकला की त्यावर बुरशी येते किंवा व्हिनेगर होतं.

पाच-सहा दिवसांनी, १.०२० च्या आसपास, पिशवी उचलून तासभर निथळू द्या. पिळू नका, पिठूळ गर सगळा आत उतरतो. रस एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, हवा आत न येऊ देणारं बूच) लावलेल्या काचेच्या कार्बॉयमध्ये, म्हणजे अरुंद गळ्याच्या मोठ्या बरणीत, गळ्यापर्यंत भरा. तीन आठवड्यांनी साक्यावरून नळीने काढा, मग दोन महिन्यांनी पुन्हा, आणि त्या वेळी दर ४ लिटरला एक कॅम्पडेन.

आता नवशिके जिथे हमखास घाबरतात ती जागा. द्राक्षाची वाईन ०.९९५ च्या खाली जाते, ही १.००० ते १.००५ वरच थांबेल. म्हणजे यीस्ट मेलं असं नाही. पेअरमध्ये सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा गोड पदार्थ असतो, तो यीस्टला पचत नाही आणि थोडी गोडी तशीच राहते. म्हणून नव्याने यीस्ट टाकू नका. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा तोच असेल तर काम झालं. याहून गोड हवी असेल तर आधी यीस्टची वाढ थांबवणारं पोटॅशियम सॉर्बेट आणि कॅम्पडेन, मगच साखर; एरवी बाटल्या फुटतात.

बाटल्या सहा महिन्यांनी भरा. दिव्यासमोर धरल्यावर पलीकडची अक्षरं वाचता आली तर निवळली.

कायद्याचं म्हणाल तर, अमेरिकेत घरच्यापुरती वाईन केंद्रीय कायद्याला चालते: दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, एकटा असाल तर १००. ती उकळून दारू गाळणं मात्र गुन्हा. नाशिकच्या भावाला कृती पाठवायचा विचार असेल तर आवरा; महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय वाईन बनवता येत नाही.

आणि हो, सॉर्बिटॉल पोटाला सारक असतं. पाहुण्यांना दुसरा ग्लास भरताना जरा बेताने.