ग्लुकोजची सरळ साखळी खरी की वलय? आणि स्टार्च पचतं, मग सेल्युलोज का पचत नाही?

दोन्ही आकृत्या खऱ्या आहेत. पण पाण्यात विरघळलेल्या ग्लुकोजमध्ये सरळ साखळीचे रेणू हजारात एकसुद्धा भरत नाहीत, बाकी सगळे वलयात असतात. शाळेत आधी साखळीच शिकवतात आणि मुलांच्या मनात तीच मुख्य आकृती म्हणून बसते, हे मला खटकतं.

सहा कार्बनच्या या साखळीच्या एका टोकाला, पहिल्या कार्बनवर, अल्डिहाइड गट (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन) असतो. साखळी वाकली की पाचव्या कार्बनवरचा ऑक्सिजन या गटापाशी येतो आणि तिथे जोडला जातो. पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं सहा अणूंचं वलय तयार होतं, सहावा कार्बन बाहेर राहतो.

खरी गंमत पुढे आहे. वलय मिटताना पहिल्या कार्बनवर एक नवा हायड्रॉक्सिल (OH) गट तयार होतो. नेहमीच्या आकृतीत तो वलयाच्या खाली काढला तर अल्फा, वर काढला तर बीटा. फरक एवढाच! पाण्यात वलयं उघडतात, पुन्हा मिटतात, त्यामुळे अल्फाचं बीटा आणि बीटाचं अल्फा होत राहतं. शेवटी साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा यावर समतोल येतो. बीटा जास्त, कारण वलय सपाट नसून खुर्चीच्या आकारात दुमडलेलं असतं आणि बीटामध्ये सगळे मोठे गट बाजूला पसरतात, दाटी होत नाही. शुद्ध अल्फा ग्लुकोज पाण्यात टाकलं तर ध्रुवित प्रकाशाचं (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं) विशिष्ट वलन, म्हणजे द्रावण ते प्रतल किती फिरवतं याचं माप, +११२ वरून हळूहळू +५२.७ अंशांवर येतं. असा बदल १८४६ मध्ये फ्रान्समध्ये द्युब्रुन्फो या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आला होता. त्याचं कारण वलयात आहे हे कळायला मात्र बरीच दशकं गेली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्याच्या चौथ्या कार्बनशी जोडला गेला की ते वलय उघडू शकत नाही. जोडताना अल्फा असेल तर अल्फाच राहतं. अल्फा बंधांची साखळी वळत जाते, सहाएक ग्लुकोजमागे एक वेढा. हे स्टार्च. आयोडीन टाकल्यावर येणारा निळा रंग आयोडीन या वेढ्यांच्या पोकळीत शिरल्यामुळेच येतो. बीटा बंधात प्रत्येक पुढचं ग्लुकोज आधीच्याच्या उलटं बसतं, म्हणून साखळी ताठ राहते. अशा ताठ साखळ्या शेजारी शेजारी येऊन हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात आणि धागा बनतो. हे सेल्युलोज. कापूस म्हणजे बहुतांश तेच.

ज्वारीच्या एकाच रोपात दोन्ही सापडतात: दाण्यात स्टार्च, कडब्यात भरपूर सेल्युलोज. आपल्या लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) फक्त अल्फा बंध तोडतं. सेल्युलोजमधले बीटा बंध तोडणारं विकर आपलं शरीर बनवत नाही. खरं तर गाई-म्हशीही ते स्वतः बनवत नाहीत, त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव बनवतात.

आणि हजारात एकही न भरणारी ती सरळ साखळी बिनकामाची समजू नका. तिचा मोकळा अल्डिहाइड गट रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो. मधुमेहात गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळण्यासाठी एचबीए१सी तपासणी करतात, तिच्यात असं साखर चिकटलेलं हिमोग्लोबिनच मोजलं जातं.