हेड-नेक कॅन्सरच्या रेडिओथेरपीत संशोधनाचं करिअर होतं का?

प्रश्न : एमबीबीएस झालंय, नीट-पीजीच्या रँकवर रेडिएशन ऑन्कोलॉजी मिळतेय. हेड-नेक कॅन्सरवर संशोधन करायची इच्छा आहे. घरचे म्हणतात, ही मशीनची शाखा, डॉक्टरला काम काय? यात खरंच संशोधनाचं करिअर होतं का? आणि भाऊ एम.एस्सी. फिजिक्स करतोय, त्याला इथे काही वाव आहे का?

उत्तर :

होतं. मी तेच करतेय, वीसेक वर्षं झाली. मी एमडी केलं तेव्हा शाखेचं नाव नुसतं 'रेडिओथेरपी' होतं. आमच्या घरीही हीच कुजबुज होती, शिवाय 'त्या किरणांमुळे पोरीचं लग्न कसं जमायचं' ही जास्तीची. (जमलं.)

मशीनचं आधी संपवते. लिनॅक, म्हणजे किरण देणारं मशीन, चालवतात टेक्नॉलॉजिस्ट, डोस मोजतात फिजिसिस्ट. किरण कुठे द्यायचे, किती द्यायचे आणि कुठे अजिबात जाऊ द्यायचे नाहीत, हे डॉक्टरनं ठरवायचं. मानेत हे फार अवघड असतं, कारण बोटभर जागेत गिळणं, बोलणं, श्वास, लाळ, मज्जारज्जू सगळं दाटीवाटीनं बसलेलं आहे.

अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी एखाद्या रुग्णालयाच्या मास्क रूममध्ये परवानगी काढून तासभर उभे राहा. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्याच्या टबात टाकतात, ती ताज्या पोळीसारखी लिबलिबीत होते. दोघं जण दोन्हीकडून धरून ती रुग्णाच्या चेहऱ्यावर ओढतात, कडा टेबलाला अडकवतात आणि नाक-हनुवटीच्या कडेनं बोटांनी दाबत थांबतात. थंड होता होता ती कडक होते. पुढचे साडेसहा आठवडे रोज हाच साचा चेहऱ्यावर चढवायचा, म्हणजे मान तसूभरही हलत नाही. दाढी-मिशी आधी काढावी लागते, नाहीतर केस वाढले-कापले की साचा सैल-घट्ट होतो. कॅन्सर झालाय हे निमूट ऐकून घेणाऱ्या एका गृहस्थांनी मिशीवरून मात्र माझ्याशी अर्धा तास वाद घातला होता.

मग सीटीच्या एकेका कापावर गाठ, लसिकाग्रंथी, लाळग्रंथी रेखाटत बसायचं. याला कंटूरिंग म्हणतात. तुमच्या उमेदीची पहिली चार वर्षं यातच जातील आणि कंटाळा येईल. पण संशोधनातले चांगले प्रश्न इथूनच निघालेत. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीला सरासरी २६ ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) आत डोस ठेवला तर लाळ पुन्हा सुटू लागते, हे १९९९मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या आइसब्रुख यांच्या गटानं दाखवलं. पुढे ब्रिटनमध्ये पारस्पोर्ट ही चाचणी झाली. रुग्ण फक्त ९४. २०११मध्ये निकाल आला : जुन्या पद्धतीत वर्षानंतर ७४ टक्के लोकांचं तोंड त्रास होण्याइतकं कोरडं राहिलं होतं, आयएमआरटीत, म्हणजे गाठीच्या आकाराप्रमाणे किरणांची तीव्रता कमी-जास्त करायच्या नव्या पद्धतीत, ३८ टक्के. आपल्याकडे टाटा मेमोरियलनं ६० रुग्णांवर अशीच तुलना करून २०१२मध्ये छापली. आकडे लहान आहेत. पण ज्यानं कोरड्या तोंडानं ज्वारीची भाकरी गिळायचा प्रयत्न केलाय, त्याला विचारा यात काय मोठं आहे ते.

आता ज्यावर माझं सगळं करिअर उभं आहे ते सांगते. ते आहे कॅलेंडर.

उपचार रोज थोडे थोडे, बहुधा ३३ ते ३५ वेळा देतात. रुग्ण त्याला 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात. साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कॅन्सरपेशी जास्त वेगानं वाढू लागतात. विदर्स या संशोधकांनी १९८८मध्ये आधीच्या रुग्णांची आकडेवारी एकत्र करून हे मांडलं : त्यानंतरचा प्रत्येक दिवस भरून काढायला सुमारे ०.६ ग्रे जास्त लागतो. आणि नेमकं याच सुमारास रुग्णाचं तोंड येतं, चव जाते, पाणीही झोंबतं, नाकात नळी घालायची वेळ येते. माणूस म्हणतो, दोन दिवस घरी जाऊन येतो. गाठ वेग धरते तेव्हाच रुग्णाचा धीर सुटतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिऑलॉजिस्ट्सचं म्हणणं आहे की अशा रुग्णांचा उपचार ठरल्यापेक्षा दोन दिवसांहून जास्त लांबू देऊ नये. आमच्याकडे पोळा येतो, कांदा काढायला येतो, लिनॅक बंद पडतं. २०२१-२२च्या एसटी संपात तर मी आणि आमची सोशल वर्कर टमटमवाल्यांचे नंबर जमवत होतो.

याच एका गोष्टीवर डेन्मार्कच्या लोकांनी उभी हयात घालवली. तिथे १९७६पासून 'दाहांका' नावाचा गट आहे, आर्हुसचे येन्स ओव्हरगार त्यातले अग्रणी. देश चिमुकला, पण सगळी केंद्रं एकच प्रश्न धरून बसली. त्यांनी विचारलं काय? आठवड्यात पाचऐवजी सहा वेळा दिलं तर? डोस तोच, सिटिंग तितक्याच, फक्त शनिवारी मशीन चालू ठेवायचं किंवा एखाद्या दिवशी सहा तासांच्या अंतरानं दोनदा द्यायचं. उपचार ४६ दिवसांऐवजी ३९ दिवसांत संपला आणि गाठ आटोक्यात राहण्याचं पाच वर्षांचं प्रमाण ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं. लॅन्सेट, २००३. मग 'हे श्रीमंतांचं झालं' असं कोणी म्हणू नये म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं नऊ केंद्रांमध्ये, आशिया-आफ्रिकेसकट, ९०० रुग्णांवर तेच करून पाहिलं. ३० टक्क्यांवरून ४२ टक्के. नवं औषध नाही, नवं मशीन नाही, एक शनिवार. मला आजवर वाचलेल्यांत याहून देखणं संशोधन सापडलेलं नाही.

आता माझी फजिती. एमडीचा प्रबंध एका सरकारी रुग्णालयात केला. चाळीस रुग्ण, विषय झकास, दोन वर्षांनी निकाल मोजायचा. मोजायला बसले तर तेरा जणांचा पत्ताच नाही. फाइलीवर गाव लिहिलंय 'वडगाव'. महाराष्ट्रात वडगावं किती, तुम्हीच सांगा. फोन नंबर होता तो शेजारच्या किराणा दुकानाचा. प्रबंध पास झाला, पण जर्नलनं दोन ओळींत परत पाठवला आणि ते बरोबरच होतं. जे परत आले नाहीत ते बरे होऊन शेतात गेले की वारले, हेच ठाऊक नसेल तर मी मोजणार काय? तेव्हापासून माझ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर तीन नंबर असतात : स्वतःचा, मुलाचा किंवा जावयाचा आणि गावातल्या आशाताईंचा. शनिवारी दुपारी मी फोन करत बसते. कधी पलीकडून बाई शांतपणे सांगते, 'ते गेले ना, मॅडम, श्रावणात.' मी तारीख विचारते. ती विचारायला अजूनही जीभ जड होते, पण विचारावीच लागते.

संमतिपत्र ही दुसरी शाळा. इंग्रजीतून आलेल्या मराठी मसुद्यात 'यादृच्छिकीकरण' असा शब्द असतो, जो मलाही एका दमात म्हणता येत नाही. मी सांगते, दोन उपचार आहेत, कोणता बरा ते माहीत नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवेल. एकदा एक आजोबा म्हणाले, 'म्हणजे तुम्हालाच ठाऊक नाही व्हय?' नाही, म्हटलं. मुलगा उठून निघाला होता. आजोबांनी त्याला हातानं खाली बसवलं आणि म्हणाले, 'खरं बोलली. टाका चिठ्ठी.'

इथे प्रश्नांची टंचाई नाही. पाश्चात्त्य जर्नलं उघडलीत तर निम्मी पानं एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरची आणि त्यात उपचार सौम्य कसे करायचे याची असतात. आपल्या ओपीडीत बसलेला माणूस तंबाखू-सुपारीचा असतो, गाल किंवा जिभेचा कॅन्सर, आधी शस्त्रक्रिया आणि मग आपण. त्यांचे प्रश्न आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. टाटामध्ये रेडिएशनबरोबर द्यायचं सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम (शरीराच्या दर चौरस मीटरमागे) की तीन आठवड्यांनी १००, अशी ३०० रुग्णांवर तुलना झाली, कारण देशभर सोयीचं म्हणून आठवड्याचंच दिलं जात होतं. २०१८मध्ये कळलं की गाठ आटोक्यात ठेवायला सोयीचं कमी पडतं. पुढे जपान्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांमध्ये दर आठवड्याला ४० देऊन पाहिलं, तर ते १००च्या तोडीस तोड उतरलं. दहा मिलिग्रॅमचा फरक! आणि मूत्रपिंडामुळे किंवा कानांमुळे ज्यांना सिस्प्लॅटिन देताच येत नाही, त्यांच्यासाठी टाटाच्याच लोकांनी डोसिटॅक्सेल हे जुनं औषध रेडिएशनबरोबर अगदी कमी मात्रेत दिलं. दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेलं, २०२३ साली छापून आलं. पेटंट संपलेल्या औषधावर कंपनी कशाला पैसा लावेल? असे प्रश्न आपणच विचारायचे असतात.

भावाला वाव आहे, भरपूर. मुंबईत बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) डिप.आर.पी. हा मेडिकल फिजिक्सचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, एम.एस्सी. झाल्यावर प्रवेश परीक्षा देता येते. पुढे इंटर्नशिप. माझ्या निम्म्या पेपरांत डोस मोजणारा फिजिसिस्ट सहलेखक आहे आणि तो नसता तर ते पेपर झालेच नसते.

पैशाचं विचाराल म्हणून सांगते. खाजगीत माझ्याबरोबरचे लोक माझ्यापेक्षा बरंच जास्त कमावतात. तिथे दिवसाला किती रुग्ण मशीनवर चढले हे मोजलं जातं, फॉलोअप कोणी विचारत नाही. काही जण तिथे राहूनही चिकाटीनं नोंदी ठेवतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण संशोधन हेच मुख्य करायचं असेल तर पहिली दहा वर्षं टाटासारखी संस्था किंवा मोठं वैद्यकीय महाविद्यालय बरं. चाचणी सुरू करायची तर एथिक्स कमिटी आणि सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली नोंदणी यातच महिने जातात, ते हिशेबात धरा.

सीट निवडताना लिनॅक कोणत्या मॉडेलचं आहे ते विचारू नका. रेकॉर्ड रूममध्ये जा, दोन वर्षांपूर्वी उपचार संपलेल्या हेड-नेकच्या दहा फाइली काढायला सांगा आणि किती फाइलींत गेल्या सहा महिन्यांतली नोंद आहे ते मोजा. सात निघाल्या तर डोळे मिटून अ‍ॅडमिशन घ्या. दोन निघाल्या तरी घ्या, फक्त सोबत एक जाडजूड वही आणि चांगला टॉकटाइम असलेला फोन ठेवा.