शिक्का आधी, मोर्तब शेवटी

ॲरिझोनातल्या फिनिक्सहून एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. तिथली काही मराठी मंडळी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची माहिती देणारी छोटी पुस्तिका मराठीत करत आहेत. मतदानानंतर राज्य आपले इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी मत देणारे राज्याचे प्रतिनिधी, 'सर्टिफाय' करते, त्याला 'प्रमाणित करणे' म्हणावे की 'शिक्कामोर्तब करणे', आणि इलेक्टरला 'मतदार' म्हटले तर चालेल का, असे त्या विचारतात.

'मतदार' चालणार नाही. ॲरिझोनात मतदार लाखोंनी आहेत, इलेक्टर अवघे ११. 'निर्वाचक' म्हणा आणि पुढे चला.

'प्रमाणित' हा शब्द निकालाला लावा, माणसांना लावू नका. आपल्याकडे बियाणे प्रमाणित असते, म्हणजे कोणीतरी तपासून त्याच्या गुणाची हमी दिलेली असते. राज्य निर्वाचकांच्या गुणाची हमी देत नाही. ते एवढेच लिहून देते की मोजणी पुरी झाली, अमुक पक्षाच्या निर्वाचकांच्या यादीला इतकी मते पडली, तमुक पक्षाच्या यादीला इतकी, म्हणून ही माणसे नेमली गेली. त्या कागदाला 'नेमणूक-निश्चितीचा दाखला' म्हणा. त्यावर गव्हर्नरची सही होते, राज्याचा शिक्का उमटतो आणि तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातो. (गव्हर्नरला 'राज्यपाल' करू नका. आपला राज्यपाल नेमलेला असतो, त्यांचा गव्हर्नर निवडून आलेला.)

आता 'शिक्कामोर्तब'. या शब्दाचे बातम्यांत जे चालले आहे ते मला ऐकवत नाही. २०२० साली ७ नोव्हेंबरला वृत्तवाहिन्यांनी आकडेमोड करून बायडेन जिंकल्याचे सांगितले, तेव्हा म्हणे विजयावर शिक्कामोर्तब. १४ डिसेंबरला निर्वाचकांनी मते दिली, पुन्हा शिक्कामोर्तब. जानेवारीत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती मते मोजली, तिसऱ्यांदा शिक्कामोर्तब. ७ नोव्हेंबरला तर ज्यांच्या हाती शिक्का असतो त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो उचललाही नव्हता!

शिक्का आणि मोर्तब या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्याशी 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मोठी मुद्रा असते. मजकूर संपतो तिथे एक लहान मुद्रा असते, तिच्यावर दोनच शब्द: 'मर्यादेयं विराजते'. ही मर्यादा शोभते आहे. इथे लेखन संपले, याखाली कोणी ओळ घुसडली तर ती खोटी. वरची मुद्रा सांगते की हुकूम कोणाचा, खालची सांगते की हुकूम कुठवर. ही खालची मुद्रा म्हणजे मोर्तब. जुन्या पत्रांच्या शेवटी 'मोर्तब सुद' असे लिहिलेलेही सापडते. 'सुद' म्हणजे फारसी 'शुद', झाले. मोर्तब झाले, कागद मिटला.

शब्द मूळचा अरबी, 'मुरत्तब': क्रमाने लावलेले, नीट रचलेले. उर्दूत आजही पुस्तक मुरत्तब करतात, म्हणजे संकलन करतात, आणि ते करणारा मुरत्तिब. याच धातूचे रुतबा आणि मर्तबा, आणि आपल्या 'मानमरातब'मधला मरातबही याच घरातला. सगळ्यांत एकच कल्पना आहे, पायरी. जो तो आपल्या पायरीवर, जे ते आपल्या जागी. म्हणून माझे ठाम मत आहे की मोर्तब म्हणजे नुसता छाप नव्हे. आधीच्या सगळ्या पायऱ्या क्रमाने झाल्या याची ती खूण आहे.

'शिक्कामोर्तब' हा 'भाजीबिजी'सारखा जोड आहे, मोर्तबला स्वतंत्र अर्थ नाही, असे सांगणारे जाणकार मला भेटले आहेत. त्यांनी एकदा तरी शिवकालीन पत्राचा शेवट डोळ्यांनी पाहावा. मोर्तब 'मोहोर'वरून आला म्हणणारेही आहेत. त्यांनी आधी मोहोरेत 'तब' कुठून शिरले ते सांगावे. नुसता आवाज जुळला म्हणून नाते जुळत नाही.

हा भेद अमेरिकेच्या निवडणुकीला किती चपखल बसतो ते ताईंच्याच राज्यात पाहा. ३ नोव्हेंबर २०२० ला मतदान झाले. पंधरा काउंट्यांनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, आपापली मोजणी तपासून वर पाठवली. ३० नोव्हेंबरला राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुकांचे काम पाहणाऱ्या) केटी हॉब्ज, गव्हर्नर डग ड्युसी, ॲटर्नी जनरल आणि राज्याचे सरन्यायाधीश कॅमेऱ्यासमोर बसले. बायडेन यांची राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावरची आघाडी १०,४५७ मतांची. ड्युसी सह्या करत असताना त्यांच्या खिशातला फोन वाजला, आणि वाजली ती राष्ट्राध्यक्षांना सलामी देताना वाजवतात ती धून. व्हाइट हाउसचा फोन लगेच कळावा म्हणून ती त्यांनीच लावली होती. त्यांनी फोन काढला, आवाज बंद केला, बाजूला ठेवला आणि पुढच्या कागदावर सही केली. ड्युसी ट्रम्प यांच्याच पक्षाचे. हा शिक्का. इथे 'शिक्कामोर्तब' लिहिणाऱ्याने अर्धा शब्द उगाच खर्च केला.

शिक्क्याची किंमत काय, तेही याच राज्यात दिसले. १४ डिसेंबरला ज्यांची नेमणूकच झाली नव्हती अशा लोकांनीही आपण ॲरिझोनाचे निर्वाचक म्हणून कागद तयार केले. त्याखेरीज आणखी एका गटाने तर आपल्या कागदावर राज्याचा शिक्काच छापला, आणि हॉब्ज यांना त्यांना शिक्क्याचा वापर थांबवा अशी नोटीस द्यावी लागली. एवढे करूनही त्या कागदांना गव्हर्नरच्या दाखल्याचे बळ आले नाही.

आणि मोर्तब? ते ६ जानेवारी २०२१ च्या काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत. राज्यांची नावे वर्णानुक्रमे घेतात, त्यामुळे ॲरिझोना सुरुवातीलाच आले आणि पहिला आक्षेपही त्याच्यावरच निघाला. त्यावर दोन्ही सभागृहांत चर्चा चालू असतानाच ट्रम्प समर्थकांचा जमाव काँग्रेसच्या इमारतीत घुसला. रात्री सिनेटने आक्षेप ९३ विरुद्ध ६ मतांनी फेटाळला, प्रतिनिधिगृहाने ३०३ विरुद्ध १२१. पहाटे पावणेचारच्या सुमारास उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांनी निकाल जाहीर केला. मोर्तब सुद. त्यानंतर त्या कागदाखाली कोणाला एक ओळही लिहिता येत नव्हती. पुढे २०२२ च्या कायद्याने उपराष्ट्राध्यक्षांचे हे काम केवळ रीत पाळण्याचे आहे, निर्वाचकांबद्दलचा वाद सोडवण्याचा अधिकार त्यांना नाही, हेही स्पष्ट लिहून टाकले. मोर्तब करणाऱ्याने मजकूर बदलायचा नसतो.

त्याच कायद्याने शिक्क्यालाही मुदत घातली आहे. निर्वाचकांच्या बैठकीआधी किमान सहा दिवस गव्हर्नरचा दाखला निघालाच पाहिजे. २०२४ मध्ये बैठक १७ डिसेंबरला होती, म्हणून शेवटची तारीख ११ डिसेंबर.

तेव्हा ताई, पुस्तिकेत असे लिहा: राज्य निकाल प्रमाणित करते, गव्हर्नर निर्वाचकांच्या नेमणुकीवर शिक्का उमटवतात, काँग्रेस मोर्तब करते. आणि मतदानाच्या रात्री वाहिन्या जे सांगतात, त्यापुढे 'अंदाज' एवढेच लिहा.