रग्बी खेळलेल्या माणसाला पुढे माइक किंवा कॅमेरा पेलतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा रग्बी खेळतो, दिसायला बरा आहे, बोलतोही छान, खेळणं थांबल्यावर त्याला कॉमेंट्रीत किंवा सिनेमात काही करता येईल का, की ही कामं नुसत्या नावावर मिळतात?

पहिलंवहिलं काम नावावर मिळून जातं. त्यानंतरचं मिळेलच असं नाही. आपल्याकडचंच बघा. १९८० मध्ये सुनील गावसकर ‘सावली प्रेमाची’ या मराठी सिनेमात हिरो होते. नाव केवढं मोठं! पण हिरो म्हणून गाडी काही पुढे सरकली नाही. कॉमेंट्रीत मात्र तेच गावसकर कितीतरी वर्षं ठाण मांडून आहेत. माणूस एक, नाव एक, आणि निकाल दोन. म्हणजे गोम नावात नाही.

रग्बीपुरतं बोलायचं तर मला आधी क्लिफ मॉर्गन आठवतो. वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यातला, ट्रेबॅनॉग गावचा, खाणकामगाराचा मुलगा, जन्म १९३०. दहा नंबरच्या जागेवर, म्हणजे फ्लाय-हाफ (चेंडू कुणाकडे द्यायचा हे ठरवून हल्ला आखणारा) म्हणून खेळायचा. वेल्ससाठी २९ सामने. १९५३ मध्ये न्यूझीलंडला आधी कार्डिफ क्लबकडून हरवलं आणि मग वेल्सकडून. त्यानंतर वेल्सच्या हाती न्यूझीलंड आजतागायत लागलेलं नाही. १९५५ मध्ये ब्रिटिश लायन्सबरोबर, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडमधल्या निवडक खेळाडूंच्या संघाबरोबर, दक्षिण आफ्रिकेचा दौरा गाजवला. वेल्श माणसाला गाणं चर्चमधूनच मिळतं, त्यामुळे त्या दौऱ्यात संघाच्या गाण्यांचा म्होरक्याही तोच होता.

१९५८ मध्ये बूट काढले आणि बीबीसीत गेला, तो थेट माइकसमोर बसला असं मात्र झालं नाही. बरीच वर्षं पडद्यामागे काम केलं. कार्यक्रमांचं संपादन, निर्मिती, कॅमेरे कुठे लावायचे, कुठलं फुटेज आधी दाखवायचं, ही सगळी खर्डेघाशी. मध्यंतरी आयटीव्ही या दुसऱ्या वाहिनीवर चालू घडामोडींचा ‘धिस वीक’ हा कार्यक्रमही सांभाळला. त्याचा खेळाशी काडीचा संबंध नव्हता. लोकांना ही वर्षं दिसत नाहीत. त्यांना दिसतो तो १९७३ चा आवाज.

त्या आवाजाच्या आदल्या वर्षी, वयाच्या ४२ व्या वर्षी, मॉर्गनला पक्षाघात झाला होता. एक बाजू लुळी पडली, वाचा गेली. बोलणं पुन्हा शिकावं लागलं. आणि मग २७ जानेवारी १९७३, कार्डिफ आर्म्स पार्क, बार्बेरियन्स (वेगवेगळ्या संघांतून खेळाडू बोलावून बनणारा संघ) विरुद्ध न्यूझीलंड. नेहमीचे कॉमेंटेटर बिल मॅक्लॅरन आजारी पडले आणि ऐन वेळी माइक मॉर्गनच्या हातात आला. सामना सुरू होऊन पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती. फिल बेनेटनं स्वतःच्या गोलपोस्टजवळ चेंडू उचलला, पळत येणाऱ्यांना लागोपाठ हुलकावण्या दिल्या, आणि मग चेंडू जे. पी. आर. विल्यम्स, पुलिन, डॉज, टॉम डेव्हिड, क्विनेल असा हातोहात पुढे सरकत शेवटी गॅरेथ एडवर्ड्सकडे आला. त्यानं कोपऱ्यात झेप घेतली. ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला! यूट्यूबवर आहे, नक्की ऐका.

ऐकताना एक गोष्ट टिपा. त्या धावपळीत मॉर्गन बोलतो ते जवळजवळ सगळं म्हणजे नावंच आहेत. नाव, नाव, एखादं ‘ब्रिलियंट’, पुन्हा नाव. वर्णन नाही, इतिहास नाही, आकडेवारी नाही. आवाज पळणाऱ्यांच्या बरोबरीनं चढत जातो, आणि चेंडू टेकल्यावर मग ‘व्हॉट अ स्कोर’. आजचा एखादा कॉमेंटेटर असता तर बेनेटच्या पहिल्या हुलकावणीलाच विशेषणं संपवून बसला असता.

हे सोपं नाही हे मी स्वतःवरून सांगतो. कॉलेजात असताना मुंबईच्या पावसात मी दोन सीझन रग्बी खेळलोय (हुकर होतो, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेत मधोमध, मान अजून दुखते). गुडघा गेल्यावर एका छोट्या स्पर्धेत आयोजकांनी हौसेनं माझ्या हातात माइक दिला. ‘खेळलेला आहेस, बोल काहीतरी.’ पंधरा मिनिटांत दोन्ही संघ चिखलानं एकाच रंगाचे झाले. जर्सीवरचा नंबर दिसेना. माझ्याच टीमची पोरं, रोज एकत्र वडापाव खाणारी, आणि मला कोण कोण आहे ते ओळखू येईना! ‘चेंडू पुढे... चेंडू मागे... आणि हा टॅकल...’ कुणाचा, ते नाहीच. हाफटाइमला एका मित्राच्या आईनं विचारलं, ‘आमचा खेळतोय ना रे?’ त्या दिवशी कळलं की चिखलातला माणूस नंबरावरून ओळखायचा नसतो, चालीवरून, खांद्यावरून ओळखायचा असतो. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना रेटतात त्या घोळक्यात, डोकं खाली घालून आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला ती सवयच नव्हती. दहा नंबरवाल्याला असते. रग्बीत चेंडू हातानं पुढे फेकता येत नाही, मागेच द्यावा लागतो, त्यामुळे फ्लाय-हाफला आपल्या मागे कोण कुठून येतोय हे न बघता माहीत असावं लागतं. मॉर्गन माइकवर तेच करत होता.

पुढे १९८७ पर्यंत तो बीबीसीच्या आउटसाइड ब्रॉडकास्टचा प्रमुख होता, म्हणजे मैदानांपासून राजघराण्याच्या लग्नापर्यंत स्टुडिओबाहेरचं सगळं थेट प्रक्षेपण त्याच्या खात्याकडे. त्यानंतर रेडिओवर स्वतःचा कार्यक्रम केला. म्हातारपणी घशाचा कर्करोग झाला, स्वरयंत्र काढावं लागलं. २०१३ मध्ये गेला तेव्हा बातम्यांमध्ये त्याची तीच १९७३ ची कॉमेंट्री लावली होती.

अभिनयाचं गणित वेगळं. ऑस्ट्रेलियाचा इयन रॉबर्ट्स हा रग्बी लीगमधला धिप्पाड फॉरवर्ड. (लीग हा तेरा जणांचा वेगळा प्रकार, तुमचा भाचा बहुधा पंधरा जणांचं युनियन किंवा सात जणांचं सेव्हन्स खेळत असेल.) १९९५ मध्ये, करिअर सुरू असतानाच, आपण समलिंगी आहोत हे त्यानं जाहीरपणे सांगितलं. त्या खेळात, त्या काळात! निवृत्तीनंतर तो सिडनीच्या एनआयडीएमध्ये, म्हणजे तिथल्या नाट्यसंस्थेत, रीतसर अभिनय शिकायला गेला. २००६ च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये तो खलनायकाच्या टोळीत दिसतो. अंगापिंडावरून तशाच भूमिका मिळतात, हे भाच्याला आधीच सांगून ठेवा. आणि खेळताना डोक्याला बसलेल्या माराचे परिणाम काय झाले, हेही रॉबर्ट्स उघडपणे बोललाय. संवाद पाठ करण्यावर पोट असलेल्या माणसाला हे किती जड जात असेल!

राहुल बोस भारताकडून रग्बी खेळलेत, पण ते उदाहरण तुमच्या कामाचं नाही. ते भारताकडून उतरले त्याच्या आधीच नट होते.

भाच्याला एवढंच करायला सांगा: यूट्यूबवर कुठलाही जुना सामना लावायचा, आवाज बंद करायचा, आणि दहा मिनिटं ज्याच्या हातात चेंडू आहे त्याचं फक्त नाव घ्यायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवलंत तर ऐकेन.