राजीनामा मागे घ्या, आणि आजच घ्या

प्रश्न: मी इंदूरला राहते. पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात, गुणवत्ता-तपासणीच्या प्रयोगशाळेत साडेचार वर्षं नोकरी करते आहे. पगार 48 हजार. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता केमोथेरपी चालू आहे. एचआरच्या साहेबांनी समजावलं की राजीनामा देऊन आराम करा, बऱ्या झालात की परत घेऊ. पीएफचे पैसेही मोकळे होतील. मी ईमेलने 'वैयक्तिक कारणामुळे' राजीनामा दिला. नोटिशीचे 19 दिवस उरले आहेत. उपचार संपल्यावर, साधारण आठ महिन्यांनी, कंपनीवर केस करता येईल का?

उत्तर: ताई, आठ महिन्यांचं सोडा. तुमच्याकडे एकोणीस दिवससुद्धा आहेत असं धरून चालू नका. हे उत्तर वाचून झालं की पहिलं काम राजीनामा मागे घेण्याचं करा. बाकीचं सगळं त्यानंतर.

असे प्रश्न माझ्याकडे इंदूर, देवास, पीथमपूरहून सतत येतात, आणि बहुतेक जण कार्यमुक्तीचं पत्र हातात पडल्यावर विचारतात. तेव्हा सांगण्यासारखं फार थोडं उरतं. तुम्ही निदान आधी विचारलंत.

कायदा थोडक्यात असा. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा त्या तारखेआधी मागे घेता येतो, जोवर नोकरीच्या करारात त्याविरुद्ध काही लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या राजीनाम्याच्या प्रकरणात हे तत्त्व मांडलं. पुढे नोकरदारांच्या प्रकरणांत ते पुन्हा पुन्हा लावलं गेलं, मालकाने राजीनामा 'मंजूर' केला असला तरीही. 2024 साली कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात मंजुरी त्याला कळवलेलीच नव्हती, म्हणून राजीनामा अंतिम झाला नाही असं ठरलं. यातली बरीच प्रकरणं सरकारी किंवा सार्वजनिक संस्थांची आहेत. खासगी कंपनीत नेमणूकपत्राच्या शब्दांना जास्त वजन येतं, म्हणून तुम्ही पाठवलेलं नेमणूकपत्र मी दोनदा वाचलं.

त्यातलं अकरावं कलम सगळ्यात महत्त्वाचं आहे. दोन्ही बाजूंना साठ दिवसांची नोटीस, 'किंवा कंपनीच्या इच्छेनुसार उरलेल्या दिवसांचं वेतन देऊन तात्काळ कार्यमुक्ती'. राजीनामा मागे घेण्यावर त्यात बंदी नाही, हे तुमच्या फायद्याचं. पण शेवटचे शब्द पुन्हा वाचा. कंपनी उद्या सकाळी एकोणीस दिवसांचा पगार खात्यात टाकून तुम्हाला मोकळं करू शकते. त्या क्षणी राजीनामा लागू होतो, आणि मागे घेण्यासारखं काही शिल्लक राहत नाही. म्हणून 'पुढच्या केमोनंतर बघू' असं अजिबात करू नका.

पत्र चार वाक्यांचं पुरे. अमुक तारखेला दिलेला राजीनामा मी मागे घेत आहे. तो मी कॅन्सरचे उपचार चालू असताना, उपचारांनंतर परत घेण्याच्या आश्वासनावर आणि एचआर विभागाच्या सांगण्यावरून दिला होता. मी सेवेत आहे आणि माझी सेवा अखंड मानावी. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि रजेचा अर्ज जोडला आहे. यात ना राग लिहायचा, ना विनवणी. अधिकाऱ्याचं नाव मात्र लिहा, आणि त्यांनी कोणत्या दिवशी काय सांगितलं तेही. मूळ राजीनाम्यात तुम्ही आजाराचा उल्लेखच केला नाहीत, त्यामुळे कागदोपत्री कंपनीला तुमचा आजार ठाऊकच नाही. इतक्या गंभीर गोष्टीवर तोंडी बोलणं मान्य करून सही करायची नसते, हे आता तुम्हाला कळलं आहेच. ही उणीव या पत्राने भरून निघते.

ईमेल तुमच्या खासगी आयडीवरून पाठवा, एचआर आणि कारखाना व्यवस्थापक दोघांना. कंपनीचा आयडी कार्यमुक्तीच्या दिवशी बंद होतो आणि पुरावा त्याच्याबरोबर जातो. राजीनामा कंपनीच्या पोर्टलवर टाकला असेल तर तिथूनही मागे घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा. त्याच दिवशी तीच प्रत स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, शिल्लक रजेचा हिशेब आणि एचआरशी झालेल्या व्हॉट्सअ‍ॅप गप्पा आजच स्वतःकडे उतरवून घ्या.

आता डॉक्टरांच्या पत्राचं. 'रुग्णास कॅन्सर असून विश्रांतीची गरज आहे' एवढ्या एका ओळीने तुमचं नुकसान होईल. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात 'सततच्या अनारोग्यामुळे' नोकरीवरून काढणं कामगार-कपातीच्या व्याख्येबाहेर होतं, आणि मालकाचे वकील अजूनही त्याच दिशेने युक्तिवाद करतात. तेव्हा आजार असाध्य किंवा बेमुदत वाटेल असा एकही शब्द पत्रात नको. ऑन्कोलॉजिस्टना (कॅन्सरतज्ज्ञांना) सांगा की उपचारांचं वेळापत्रक लिहून द्या: केमोच्या किती फेऱ्या झाल्या, किती उरल्या, दोन फेऱ्यांत किती दिवसांचं अंतर (बऱ्याच औषधांत ते एकवीस दिवस असतं), प्रत्येक फेरीनंतर किती दिवस विश्रांती हवी. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत गर्दीच्या बसने पीथमपूरला जाणं टाळावं, हे डॉक्टरांच्या शब्दांत आलं तर घरून काम मागायला आधार मिळतो. किरणोपचार असतील तर ते आठवड्याला पाच दिवस आणि किती आठवडे, तेही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताने जड उचलायचं नाही, हेही लिहून घ्या. शेवटी एक वाक्य हवंच: उपचार अमुक महिन्यापर्यंत पूर्ण होतील आणि त्यानंतर रुग्ण कामावर रुजू होणं अपेक्षित आहे. हे वाक्य डॉक्टर आपणहून लिहीत नाहीत, मागावं लागतं. आजाराची स्टेज कंपनीला कळवण्याची गरज नाही.

कामाबद्दल मागणी नेमकी असू द्या. प्रयोगशाळेत सॉल्व्हंट हाताळायचे आणि तासन्‌तास उभं राहायचं काम तुम्हाला सध्या झेपणार नाही. पण तुमच्याच विभागात दस्तऐवज तपासणी, बॅच रेकॉर्ड (औषधाच्या प्रत्येक खेपेच्या उत्पादनाची नोंद) पाहणं ही बसून करायची कामं असतात. 'हलकं काम द्या' असं मोघम लिहिलं तर 'हलकं काम उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. 'सहा महिने बॅच रेकॉर्ड तपासणीचं काम, आठवड्यातले दोन दिवस घरून' असं मागितलं तर त्यांना हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि तो नकार कागदावर राहतो.

रजेत सगळ्यात जास्त जण फसतात. शिल्लक रजा संपली की बिनपगारी रजेचा अर्ज द्या, आणि प्रत्येक मुदत संपण्याआधी पुढचा अर्ज प्रमाणपत्रासह पाठवा. कारखान्यांच्या स्थायी आदेशांत (नोकरीच्या लेखी नियमांत) बहुधा असं असतं की मंजूर रजेनंतर आठ-दहा दिवस न कळवता गैरहजर राहिलं तर नोकरीवरचा हक्क जातो. केमोच्या गडबडीत एक अर्ज राहिला, तर ज्यांना तुम्ही नको आहात त्यांना कारण मिळतं. हे काम घरातल्या कुणाकडे तरी सोपवा आणि कॅलेंडरवर तारखा मांडून ठेवा.

पीएफसाठी राजीनामा द्यावा लागतो, हे तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. आजारपणासाठी नोकरीत असतानाच रक्कम काढता येते, यूएएन (पीएफ सदस्य क्रमांक) पोर्टलवरून. अर्ज अडतो तो बहुधा आधारवरचं नाव, जन्मतारीख किंवा बँक खातं जुळत नसल्याने; ते आधी तपासा. उलट नोकरी सोडल्यावर सगळी रक्कम लगेच हाती येत नाही.

आणि राजीनाम्याने काय जातं ते पाहा. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. मद्रास उच्च न्यायालयाने चार वर्षं आणि पाचव्या वर्षी 240 दिवस पुरेसे मानले आहेत, पण तुमचे तेवढेही होत नाहीत. आजारपणाच्या रजेने सेवा खंडित होत नाही, म्हणून नुसतं सेवेत राहिलात तरी काही महिन्यांत पाच वर्षं भरतील. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस सव्वीस धरून, असा हा हिशेब असतो. त्यासाठी पगाराच्या निम्मं, 24 हजार वेतन धरलं तर 24,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 5, म्हणजे सुमारे 69 हजार रुपये. पीएफशी जोडलेला विमा, ज्यात सात लाखांपर्यंत रक्कम वारसांना मिळते, तो सेवेत असताना मृत्यू झाला तरच लागू होतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुम्हाला माहीत असायला हवं. कंपनीचा गट आरोग्यविमाही नोकरीबरोबरच संपतो, तोही केमोच्या मध्यावर. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. अर्ज मात्र संरक्षण संपण्याआधी करावा लागतो, आणि हप्ता व अटी विमा कंपनी ठरवते. चालू आजारात त्या भरवशावर राहू नका.

कंपनी तुमचं पत्र फेटाळेल का? शक्यता आहे. तसं झालं तर कार्यमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 'मी सेवेत आहे, रजेवर आहे' असा ईमेल टाका, तब्येत साथ देत असेल तर गेटवर जाऊन हजेरी मागा आणि नकार लेखी मागा. 'स्वेच्छेने राजीनामा, काही देणं नाही' अशा कागदावर सही नको. पैसे थेट खात्यात आले तर हक्क राखून स्वीकारले असं त्याच दिवशी कळवा. मग कामगार खात्याकडे समेटाचा, म्हणजे त्यांच्या मध्यस्थीने तडजोडीचा, अर्ज. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. समेटासाठी आता दोन वर्षांची मुदत आहे, पूर्वी दाव्याला तीन मिळायची. तुम्ही इंदूरला राहत असलात तरी कारखाना धार जिल्ह्यात आहे, त्यामुळे हद्द बहुधा तिकडची लागेल. नेमणूकपत्रात तुमच्या पदाला 'एक्झिक्युटिव्ह' म्हटलं आहे, म्हणून कामगार म्हणून दाद मागता येणार नाही असं समजून घाबरू नका. पदनाम काहीही असलं तरी प्रत्यक्ष काम तांत्रिक आहे का, हे पाहिलं जातं. पण हा रस्ता लांबचा आहे. समेटात महिने जातात, न्यायाधिकरणात वर्षं, आणि तोवर तुमचा विमा बंद असतो. म्हणूनच मी आजच्या ईमेलवर इतका जोर देते आहे.

इंटरनेटवर वाचायला मिळणारं 'कॅन्सर रुग्णाला काढता येत नाही' हे आपल्याकडच्या खासगी नोकरीला तसं लागू नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात कॅन्सर नाही. उपचारांमुळे हातात कायमचं अधूपण राहिलं तर दिव्यांग प्रमाणपत्राचा विचार करता येईल, पण ते उपचारांनंतर. सेवेत दिव्यांगत्व आलेल्याला काढू नये हे कलम सरकारी आस्थापनांपुरतं आहे.

एचआरच्या साहेबांचा फोन येईल, 'हे कशाला लिहिलंत, आपण बोलूया' म्हणून. बोला, पण जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलवर त्यांना लिहून पाठवा. पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती मला पाठवा. रजेच्या अर्जाचा मसुदा मी तपासून देईन.