शब्बाथचा दिवस संपतो आणि आम्ही जास्तच दमलेले असतो

"आठवड्यातून एक दिवस सगळं बंद ठेवायचं ठरवलं, पण तोच दिवस सगळ्यात जास्त थकवतो. आमचं चुकतंय कुठे?" हा प्रश्न समुपदेशनात वेगवेगळ्या घरांतून येतो. कुणाचा तो दिवस रविवार असतो, कुणाचा गुरुवार. इथे एका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या, कुटुंबाचा अनुभव मांडला आहे, कारण शब्बाथचे नियम इतके स्पष्ट असतात की गाडं कुठे अडलं ते चटकन दिसतं. शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून तो सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. तेवढ्या वेळात कामधंदा, स्वयंपाक, विस्तव पेटवणं, विजेची बटणं दाबणं, लिहिणं आणि वाहनाने जाणं टाळतात. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ठाण्यात राहणारं, चाळिशीच्या आसपासचं जोडपं. तो ऐरोलीच्या एका कंपनीत अमेरिकन ग्राहकांचं काम पाहतो, ती एका शाळेत हिशेब सांभाळते. अकरा आणि सहा वर्षांची दोन मुलं आणि त्याची आई. इस्रायलमधल्या नातेवाइकांकडे राहून आल्यावर त्याने ठरवलं की आता शब्बाथ पूर्ण पाळायचा. महिनाभरात घरात भांडणं सुरू झाली. तो बाथरूममध्ये फोन नेऊन मेल बघू लागला. तिला दर शनिवारी दुपारी डोकेदुखी. आई म्हणत, "आमच्या लहानपणी तर सहज व्हायचं हे."

आईंचं म्हणणं खरं होतं. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या या समाजाला शेजारीपाजारी 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. घाणा थांबला की काम थांबलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. इस्रायलमध्येही शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक शहरांतल्या बस आणि दुकानं बंद होतात, म्हणजे सगळे एकत्रच थांबतात. मुंबईत 1890 मध्ये गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे रविवारची सुटी मिळाली, तीही एकेकट्याने मिळवलेली नव्हती. ठाण्यातल्या या घराला मात्र आजूबाजूचं कुणीच थांबत नसताना थांबायचं होतं. अशा वेळी नुसता निश्चय पुरत नाही, आखणी करावी लागते, आणि ती गुरुवारपासून.

पहिल्या भेटीत दोघांनाही एक काम दिलं. गुरुवार संध्याकाळ ते रविवार सकाळ या वेळेत कोण काय करतं, ते अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून आणायचं. त्याच्या कागदावर शुक्रवारी सहा वाजता दिवा आणि त्यानंतर बरीचशी मोकळी जागा होती. तिच्या कागदावर शुक्रवारी अर्धी रजा, पाच पदार्थ, मुलांच्या आंघोळी, घर आवरणं, दिव्यांचे टायमर, आणि शनिवारी रात्री भांड्यांचा ढीग. ती एवढंच म्हणाली, "ह्याचा शब्बाथ सुरू होतो तेव्हा माझे पाय सुजलेले असतात."

इथे आम्ही त्याला त्याच्याच धर्मग्रंथातली आज्ञा पुन्हा वाचायला सांगितली. शब्बाथच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, दारातला परका, सगळ्यांची विश्रांती आहे, आणि त्या ग्रंथातल्या 'अनुवाद' (Deuteronomy) नावाच्या पुस्तकात तर दास-दासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा म्हणून, असं कारण दिलेलं आहे. घरात एकाचं काम दुप्पट करून दुसरा थांबत असेल तर ती विश्रांती आहे असं आम्ही मानत नाही. त्याच चर्चेत भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा विषय निघाला. त्यांना शनिवारची भरपगारी सुटी द्यायचं ठरलं आणि शनिवार रात्रीची भांडी त्याच्याकडे गेली.

मग स्वयंपाक. पाच पदार्थांचे तीन झाले. नारळाचं वाटण गुरुवारी रात्री तो करून ठेवतो. शुक्रवारी रात्री नारळाच्या दुधातलं रावसाचं कालवण, भात आणि कोशिंबीर. शनिवारी दुपारी चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शुक्रवारी उकडून ठेवलेली अंडी. कालवण शुक्रवारीच संपेल इतकंच करायचं, कारण थंड झालेला रस्सा शब्बाथला पुन्हा गरम करणं सहसा वर्ज्य मानतात. कोरडी भाजी आधीपासून चालू असलेल्या विजेच्या तव्यावर ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. काही जण त्यासाठी मंद गॅसवर पत्रा ठेवून रात्रभर ज्योत चालू ठेवतात. बंद स्वयंपाकघरात ते धोक्याचं आहे, तसं करू नये. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. आपल्या दमट हवेत रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताने शनिवारी पोट बिघडतं आणि सगळा दिवस जातो. फ्रिजमधला दिवा शुक्रवारी दुपारीच काढून ठेवायचा, नाहीतर दार उघडलं की दिवा लागतो आणि जेवण आतच अडकतं. टायमरची चाचणी गुरुवारी. सकाळ-संध्याकाळ उलट लागली की रात्री आठला घर अंधारात जातं. यांच्याकडे ते एकदा झालंच.

तिची डोकेदुखी निघाली चहाची. एरवी सकाळी सहा आणि आठला असे दोन कप. शनिवारी ती नऊपर्यंत झोपायची आणि गॅस पेटवायचा नाही म्हणून चहाच टाळायची. कॅफीन अचानक तुटलं की साधारण 12 ते 24 तासांत डोकं दुखू लागतं. उपाय साधा होता. शुक्रवारी दिव्याआधी लिटरभर उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये भरायचं, चहाचा दाट अर्क वेगळा करून ठेवायचा, आणि शनिवारीही साडेसातच्या आत पहिला कप घ्यायचा.

त्याची अडचण वेगळी होती. फोन हातात नव्हता, पण डोक्यात ग्राहक बोलत होते. अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये प्रयोगांतून मांडलं. काम पूर्ण करता येत नसेल तर निदान पुढची पायरी पक्की लिहून ठेवावी. शुक्रवारी दुपारी तीन वाजता पंधरा मिनिटं, कागदावर. "ग्राहकाचा अहवाल" असं लिहून उपयोग नाही, त्याने मन सुटत नाही. "रविवारी सकाळी दहा वाजता अहवालातला दुसरा तक्ता तपासायचा" असं लिहिलं की सुटतं. ही यादी दिवा लावायच्या दहा मिनिटं आधी करू नये, कारण तेव्हा आठवलेल्या कामासाठी फोन करायचा मोह होतो. शब्बाथमध्ये एखादी नवीनच गोष्ट आठवली तर लिहिता येत नाही. मग कपाटातलं एक पुस्तक आडवं ठेवायचं. शनिवारी रात्री ते दिसलं की आठवतं.

फोन आवाज बंद करून उशाशी ठेवणं म्हणजे फोन बंद ठेवणं नव्हे. तो पूर्ण बंद करून कपाटाच्या खणात गेला. तपासायची ओढ शुक्रवारी जेवणानंतर आणि शनिवारी जाग आल्यावर सगळ्यात तीव्र असते, आणि तिला खतपाणी घातलं नाही तर ती बहुधा अर्ध्या तासात ओसरते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर माणसाला वाटतं की दिवसभर असंच वाटत राहणार. आईंना हृदयविकार आहे, म्हणून एक साधा फोन चालू ठेवला. त्याचा नंबर डॉक्टर आणि दोन नातेवाईक यांच्याकडेच. जिवाला धोका असेल तर शब्बाथचे नियम बाजूला ठेवायचे, हे यहुदी धर्मशास्त्रच सांगतं. औषधं, इन्सुलिन, रुग्णालय यांत कधीही चालढकल नको.

ऑफिसचा प्रश्न मोसमाप्रमाणे बदलतो, आणि ते लोकांच्या लक्षात येत नाही. दिवा सहसा सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावतात. ठाण्या-मुंबईत जुलैच्या सुरुवातीला ही वेळ सातच्या आसपास येते, नोव्हेंबरच्या शेवटी पावणेसहाच्याही आधी. शब्बाथ संपतो शनिवारी रात्री तारे दिसल्यावर, म्हणजे एकूण सुमारे 25 तास. त्यामुळे साहेबांकडे "शुक्रवारी लवकर जाऊ द्या" अशी मोघम विनंती करून भागत नाही. त्याने एका पानावर लिहून दिलं: नोव्हेंबर ते जानेवारी शुक्रवारी चारला निघणार, त्या दिवशी सकाळी सातला येणार, तातडीचं काम अमुक सहकारी बघणार, बदल्यात रविवारची पाळी मी घेणार. ते मान्य झालं. विनंतीत बदली माणूस आणि परतफेड दोन्ही असली की होकार मिळणं सोपं जातं.

शनिवारी दुपारी तीन ते सहा ही वेळ अवघड. दुपारची झोप पाऊण तासाच्या वर नको, नाहीतर रात्र जागून जाते. धाकट्याचा कंटाळा घालवायला त्या वेळेत एकच ठरलेली गोष्ट ठेवली: एका शनिवारी मामाकडे चालत, दुसऱ्या शनिवारी घरी पाहुणे. आजी त्याला मनुकांचं सरबत कसं करायचं ते समजावते. दिव्यानंतरच्या किद्दुशसाठी, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायच्या शब्बाथच्या प्रार्थनेसाठी, तेच वापरतात आणि करायचं असतं शुक्रवारी, त्यामुळे त्याचा शुक्रवारही कामाला लागला.

एक इशारा. रिकाम्या दिवशी उदासी वाढत असेल, रडू येत असेल, किंवा एखादा माणूस "बटण चुकून लागलं नाही ना" हे पुन्हा पुन्हा तपासत असेल, तर वेळापत्रक बदलून भागणार नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. कोणता नियम किती पाळायचा, हा निर्णयही समुपदेशकाचा नाही. या घराने तो सिनेगॉगमधल्या (यहुदी प्रार्थनास्थळातल्या) हझानांशी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांशी, बोलून घेतला.

सगळं सुटलेलं नाही. मुलीची शाळा शनिवारी अर्धा दिवस असते आणि चाचण्या नेमक्या त्याच दिवशी येतात. सध्या ती शाळेत चालत जाते आणि बसून ऐकते. चाचणी सोमवारी घ्यावी असा अर्ज आई-वडिलांनी सत्राच्या सुरुवातीलाच दिला आहे. शाळेचं उत्तर अजून यायचं आहे.