युद्धकथेतला १९ वर्षांचा जवान घाबरलेला दाखवला तर तो भित्रा वाटेल का?

तुमचा प्रश्न असा की नायक कोवळा पोरगा, पहिलीच लढाई, घाबरलेला दाखवला तर वाचक त्याला भित्रा म्हणतील आणि नाही दाखवला तर तो सिनेमातला वाटेल, मग करायचं काय. मी काही लेखक-बिखक नाही, नागपुरात बँकेत नोकरी करतो, पण नेमक्या याच गोष्टीवर माझी चांगली फजिती झालीये म्हणून लिहून राहिलो.

काही वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेला १९७१ च्या युद्धावर कथा पाठवली होती. नायक खंदकात बसून आईचं पत्र वाचतो, छाती धडधडते, मग गावचा मारुती आठवतो आणि पठ्ठ्या एकदम घोषणा देत सुटतो. कथा परत आली. मला वाटलं त्यांना कळलीच नाही, म्हणून ती घेऊन मी कामठीला मोठेबाबांकडे, म्हणजे मोठ्या काकांकडे गेलो. ते फौजेतून रिटायर झालेले, ७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते आणि तेव्हा वय तुमच्या नायकाएवढंच. मे महिना, कूलर घरघरतोय, मोठेबाबा बनियनवर बसून सगळी कथा वाचून गेले, शेवटचं पान उलटं करून मागे अजून काही आहे का तेही बघितलं आणि म्हणाले, "काहून बे, या पोट्ट्याले एकडाव बी मुताले नाही आली काय?"

मी हसलो. ते नाही हसले.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्याआधी घरात कुणीच ऐकलेलं नव्हतं. रात्रीचा हल्ला होता. हल्ल्याआधी ज्या जागी सगळे जमतात तिथे जमिनीवर पांढरी टेप अंथरलेली असते, तिच्यामागे ओळीत पडून राहायचं, आवाज नाही, विडी नाही. डिसेंबरची थंडी, कापलेल्या धानाच्या बांध्या, अगदी आपल्या भंडाऱ्याकडे असतात तशाच, धसकटं पोटाला टोचतायत. तासाभरात ते तीनदा लघवीला जाऊन आले, चौथ्यांदा गेले तर काहीच नाही. बुटाची लेस सुटली होती, ती दोन्ही हातांनी बांधता येईना, शेवटी तशीच बुटात कोंबली. मी विचारलं, मरायची भीती वाटली का. तर म्हणे, "तेवढं डोकं कुठं चालत होतं. मले भेव एकाच गोष्टीचं, का टाइम झाला न मी उठलोच नाही तं?"

मग उठलात कसे?

"बाजूचा उठला."

बस. एवढंच.

तुमच्या कथेसाठी माझ्या मते ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. एकोणीस वर्षांच्या पोराला मरण नीट कळतच नाही, त्याला कळते ती लाज, की सेक्शनमधल्या, म्हणजे आपल्या छोट्या तुकडीतल्या नऊ जणांसमोर आपण कमी पडलो तर. आणि बाजूचाही याच्याकडेच बघून उठलेला असू शकतो, हे तुमच्या नायकाला कळायची गरज नाही, वाचकाला कळलं की झालं.

लढाईतलं म्हणाल तर मोठेबाबांना जवळजवळ काहीच आठवत नाही. एक आठवतं. तेव्हा एसएलआर रायफल होती, वीस गोळ्यांची मॅगझिन, ती बदलताना भरलेली मॅगझिन हातातून चिखलात पडली आणि हे गोळीबार सुरू असताना गुडघ्यावर बसून चिखल चाचपून राहिले, का, तर मॅगझिन हरवली म्हणून हवालदार साहेब झापतील. वरून गोळ्या चाललेल्या आणि याला सामानाचा हिशेब! हे मी स्वतः कधी सुचवू शकलो नसतो.

आणि याला कारण आहे. भीतीने अॅड्रेनलिन वाढलं की नाडी पळते, तोंड कोरडं पडतं, बोटांची बारीक कामं जमत नाहीत, कधी कधी कानाला आवाज कमी येतो, नजर एवढ्याशा जागेवर खिळते. म्हणजे "त्याच्या मनात भीतीचं काहूर माजलं" वगैरे लिहू नका, लेस लिहा, मॅगझिन लिहा. पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भित्रेपणा असल्या गुन्ह्यांसाठी ज्यांना आपल्याच फौजेने गोळ्या घातल्या अशा ३०६ जणांना ब्रिटनने २००६ मध्ये माफी दिली, इतकी वर्षं लागली त्यांना. वाचक तेवढा कठोर नसतो हो, पोरगा खरा वाटला तर तो पळाला तरी त्याच्यामागे जातो.

पळाल्यावरून आठवलं, स्टीफन क्रेनची 'द रेड बॅज ऑफ करेज' मिळाली तर वाचाच. क्रेन जन्मला १८७१ मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून सहा वर्षं झाली होती, लढाई न पाहताच १८९५ मध्ये कादंबरी छापून आली. त्यातला पोरगा चक्क पळतो, मग पळणाऱ्याच एका सैनिकाच्या बंदुकीचा दस्ता डोक्यात बसतो आणि परत आल्यावर हा स्वतःच गोळी लागली म्हणून सांगतो, आणि सगळे ते खरं मानतात. ते खोटं बोलणं मला पळण्यापेक्षा जास्त लागलं.

आणि शूर एकीकडे, भित्रे एकीकडे अशी वाटणी करू नका. आमच्या सीताबर्डीच्या टेकड्यांवर २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला भोसल्यांची फौज आणि इंग्रज लढले, त्यात भोसल्यांकडच्या अरबांनी छोटी टेकडी मारली, केवढी हिंमत लागली असेल, आणि थोड्या वेळाने त्यांच्यातच दारूगोळ्याचा स्फोट झाला तर तीच माणसं गोंधळली आणि टेकडी गेली. मी रोज त्या किल्ल्याखालून ऑफिसला जातो, सिग्नलला थांबलो की हेच डोक्यात येतं.

एक राहिलं, लढाई संपली की कथा संपवू नका. मोठेबाबांचे हात खरे थरथरले ते सकाळी, सगळं शांत झाल्यावर, लंगरवाल्याने मगात चहा दिला तेव्हा. अर्धा चहा पँटवर सांडला. तर तेच हवालदार साहेब, काही न बोलता मगाखाली आपला हात धरून बसले, यांचा चहा पिऊन होईपर्यंत. हे सांगताना मोठेबाबांनी उगाच कूलरमधलं पाणी बघायला उठून दोन मिनिटं लावली.

माझी कथा मी परत लिहायला घेतलीये. आईचं पत्र काढून टाकलं, मारुतीही काढला. पोट्टा टेपमागे पडून आहे, दोन वर्षं झाली, बाजूचा अजून उठून नाही राहिला.